फिश टँकचा स्टँड घरच्या घरी सुधारताना मी केलेली चूक

(या भागात जे बोललो तेच थोडं नीटनेटकं करून इथे देतोय. ऐकायला वेळ नसेल त्यांनी वाचा. बोलण्याची सवय आहे, लिहिण्याची नाही, तेव्हा सांभाळून घ्या.)

मागच्या भागात फिल्टरबद्दल बोललो होतो, तेव्हा बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. टँक छान दिसतो, मासे छान दिसतात, पण खालचा तो लोखंडी स्टँड बघवत नाही, त्याचं काय करायचं? आज त्यावरच बोलू. पण मी सुरुवात करणार आहे माझ्या चुकीपासून. कारण स्टँड सुंदर करण्याचा प्रयोग मी दोनदा केलाय. पहिला दिसायला एकदम भारी झाला होता आणि त्यानेच माझ्या घरात दोनशे किलो वजन पाडायची तयारी केली होती.

आमच्या घरी तीन फुटी टँक आहे. स्टँड बाबांनी स्वतः बनवलेला. बाबा भोसरीत एका कारखान्यात वेल्डर होते. 2009 साली, मी सहावीत असताना, मासे पाळायचा हट्ट धरला. टँक विकत आणला आणि स्टँडसाठी बाबांनी एका रविवारी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन अँगल कापला, वेल्डिंग केलं, वर काळा ऑइल पेंट मारला आणि टेम्पोत घालून घरी आणला. चार पाय, वर एक चौकट, खाली एक चौकट, झालं. शोभा वगैरे काही नाही. वेल्डिंगचे फुगवटे दिसायचे, रंगाचे ओघळ दिसायचे. पण हललं नाही कधी.

नंतर मी बीटेक केलं, नोकरी लागली, आम्ही चिंचवडात नवीन फ्लॅटमध्ये आलो. हॉलला फॉल्स सीलिंग, टीव्हीला युनिट, भिंतीला एका बाजूला टेक्श्चर. आणि मध्ये हा स्टँड. खाली एअर पंप, वायरींचं जाळं, खाद्याचे डबे, जाळी, पाइप, सगळं उघडं. खरं सांगतो, मला लाज वाटायची. ऑफिसमधले मित्र यायचे होते, तेव्हा मी त्याच्यावर आईची जुनी साडी टाकून ठेवली होती. आई म्हणाली, "अरे, माशांना काय डोहाळजेवण आहे का?"

मग मी ठरवलं की याला मस्त फर्निचरसारखं करायचं. एका शनिवारी एमडीएफचे तुकडे मापाने कापून आणले, वर आधीच सनमायका लावलेले, अक्रोडाच्या लाकडासारखे दिसणारे. स्टँडच्या चारही बाजूंनी ते बसवले. कसे? ताकदीच्या गोंदाने थेट अँगलला चिकटवले. कडेला बीडिंग पट्टी. पुढे एक छोटं दार, हात जाईल एवढं. टँकच्या खाली जो थर्माकोल असतो ना, त्याची पांढरी रेघ दिसू नये म्हणून वरून इंचभर पट्टी मारली. संध्याकाळी लाइट लावली आणि काय सांगू, दुकानातला वाटत होता. फोटो टाकला, लाइक आले.

बाबा तेव्हा बाजूला खुर्चीत बसून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "सगळं बंद करू नकोस रे. लोखंडाकडे अधूनमधून बघावं लागतं." मी हसलो. म्हटलं, बाबा, लोखंडाकडे काय बघायचं, ते काय पळून जाणारे? ते पुढे काही बोलले नाहीत. त्यांचा तसा स्वभावच आहे.

साधारण सात-आठ महिने गेले. मधे दोन गोष्टी झाल्या आणि दोन्हींकडे मी दुर्लक्ष केलं. एक, एअर पंप खरखर करायला लागला आणि बंद पडला. मी दुसरा आणला. तोही तीन महिन्यांत गेला. मी म्हटलं, हल्ली मालच खराब येतो. आमच्या फील्डमध्ये सर्व्हर लटकला की रीस्टार्ट करून पुढे जातात, कारण शोधत नाहीत, ते मी घरी केलं. दुसरी गोष्ट म्हणजे स्टँडजवळ एक कुबट वास यायला लागला. आई म्हणाली पाणी बदल. मी पाणी बदललं. वास तसाच.

मग दिवाळीला ताई आली, सोबत माझी अडीच वर्षांची भाची. तिला मासे फार आवडतात. सकाळी उठली की टँकसमोर फतकल मारून बसायची, नाक काचेला लावून. तिसऱ्या दिवशी बघतो तर ही बाई बसून सनमायका सोलतेय. खालच्या कडेला एमडीएफ फुगून पाव झाला होता आणि सनमायका सुटून वर आला होता. मी तिला उचललं, खाली वाकून बघितलं, बोटाने दाबलं तर बोट आत. ओलं होतं.

पेचकस घेऊन पॅनेल उचकटलं. आत मागचा डावा पाय खालच्या चार-पाच इंचात तांबूस पापुद्र्यांचा झाला होता. पेचकसाचं टोक लावलं, जोर न देता, तर आरपार गेलं. मग मी उभा राहून टँककडे बघितलं आणि पोटात गोळा आला. पाण्याची रेघ डाव्या बाजूला वर होती आणि उजवीकडे खाली, जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक. पाणी आपली पातळी सोडत नाही मंडळी, वाकडा असतो तो टँक. म्हणजे तो कधीचा डावीकडे बसत चालला होता आणि मी रोज त्याच्यासमोरून ये-जा करत होतो. आणि तिथे ती बसायची.

त्या रात्री आम्ही टँक रिकामा केला. बाबा आले, खाली बसले, तो पाय हाताने चाचपला. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "बादल्या किती आहेत घरात?" बस.

आता वजनाचं गणित आधी सांगतो, कारण ते मी पहिल्या वेळी केलंच नव्हतं. बीटेक असून. टँक 36 बाय 15 बाय 18 इंच. बाहेरच्या मापाने होतात जवळपास 159 लिटर. वरची मोकळी जागा, खालची खडी सोडली तर प्रत्यक्ष पाणी धरा 135 लिटर, म्हणजे 135 किलो. काच 8 मिलिमीटरची आहे. या जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला 20 किलो, म्हणजे आमच्या टँकची काच झाली 30 किलो. खडी 20 किलो. दगड, झाकण, लाइट मिळून 15. एकूण 200 किलो. सिमेंटच्या चार गोण्या! प्रत्येक पायावर एक गोणी, चोवीस तास, वर्षानुवर्षं. तुम्ही तुमच्या टँकचं गणित करा. लांबी, रुंदी, उंची इंचात गुणा, आलेल्या आकड्याला 61 ने भागा, लिटर मिळतील.

आता चूक कुठे झाली ते. पाणी आलं कुठून? टँक गळत नव्हता. पाणी आलं एअर पंपातून. पंप मी खालच्या चौकटीत ठेवला होता, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या खाली. पंप चालू आहे तोवर हवा वर जाते. लाइट गेली की हवेचा दाब जातो आणि टँकमधलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं. एकदा नळी भरली की सायफन सुरू. आपण ड्रममधून रॉकेल काढायचो तसंच. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, कधी अर्धा तास, कधी जास्त. प्रत्येक वेळी थोडं पाणी पंपात, पंपातून खाली, आणि तिथून मागच्या डाव्या पायावर. पंप का मरत होते ते कळलं ना? माल खराब नव्हता, आत पाणी जात होतं. यावर इलाज म्हणजे बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. नळीच्या मधे लावायचा, हवा एका दिशेनेच जाते. बाण बघून लावा, उलटा लावला तर बुडबुडेच येणार नाहीत. किंवा सरळ पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा.

आणि ते पाणी उघड्या स्टँडवर पडलं असतं तर? फरशीवर आलं असतं, आईने पुसलं असतं, मला ओरडली असती, दुसऱ्या दिवशी कारण सापडलं असतं. मी चारही बाजू बंद केल्या म्हणून ते आत राहिलं. वारा नाही, उजेड नाही. एमडीएफने स्पंजासारखं धरून ठेवलं आणि लोखंडाला टेकवून ठेवलं. गंजाची जागा लोखंडापेक्षा जास्त असते, तो फुगतो, रंगाला आतून ढकलतो, रंग फुटला की आणखी पाणी आत. सात-आठ महिने म्हणजे त्याला भरपूर झाले.

मी म्हटलं बाबा, नवीन स्टँड घेऊ. ऑनलाइन चांगले मिळतात. ते म्हणाले, "तीन पाय चांगले आहेत. एकाचं काम आहे." मग आम्ही दोघांनी मिळून केलं. ते कसं केलं, ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी मासे. टँकमध्ये पाणी असताना टँक हलवायचा नाही, अर्धा भरलेला असला तरी नाही. काचेचे सांधे ओढ घेतात आणि गळती महिन्याने सुरू होते. आम्ही मोठ्या टबमध्ये टँकचंच जुनं पाणी घेतलं, मासे त्यात, आणि स्पंज फिल्टर तसाच, न धुता, त्याच टबमध्ये चालू. त्या स्पंजात जे जिवाणू असतात तेच माशांच्या घाणीतला अमोनिया संपवतात. नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने स्पंज धुतला की ते मेले. वरून जाळी टाका, मासे उड्या मारतात. खाद्य निम्म्याहून कमी. रोज थोडं पाणी बदलायचं, अँटिक्लोरीन घालून. टब हॉलमध्ये नाही, आतल्या खोलीत ठेवला, रंगाच्या वासापासून लांब. एअर पंप आजूबाजूची हवाच पाण्यात सोडतो, त्यामुळे टँक असलेल्या खोलीत स्प्रे पेंट किंवा थिनर अजिबात नको. स्टँड आम्ही गच्चीवर नेला.

मग तपासणी. बाबांनी छोटी हातोडी घेतली आणि प्रत्येक पाय वरपासून खालपर्यंत वाजवला. चांगलं लोखंड टणटण वाजतं, खाल्लेलं असलं की आवाज बसका येतो. जिथे शंका तिथे पेचकसाने टोचायचं. जास्त बघायच्या जागा तीन. अँगलचा आतला कोपरा, वेल्डिंगचे सांधे, आणि पायाचा तळ. तळ का? तर रोज फरशी पुसतो ते ओलं फडकं तिथे अडतं.

खराब पाय जमिनीपासून नऊ इंच कापला. पाच इंचच सडला होता, पण बाबा म्हणाले चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे जायचं, सडक्यावर वेल्डिंग धरत नाही. त्याच मापाचा नवीन अँगल आणला, 25 मिलिमीटरचा, 3 मिलिमीटर जाड. बाबांचा हात आता थरथरतो थोडा. म्हणून वेल्डिंगला वर्कशॉपचा मुलगा होता, बाबा काळी काच धरून शेजारी उकिडवे बसले होते आणि "इथे थांब, गार होऊ दे, आता दुसऱ्या बाजूने" असं सांगत होते. मी नुसता स्टँड धरून उभा. तुमच्याकडे वेल्डिंगचा अनुभव नसेल तर हे काम फॅब्रिकेशनवाल्याकडेच करून घ्या. यूट्यूब बघून शिकायची ही जागा नाही.

मग रंग, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. स्टँड घाणेरडा दिसतो तो बहुतेक वेळा गंजामुळे आणि रंगाच्या ओघळांमुळे. तारेच्या ब्रशने सगळा सुटा गंज काढा. मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120. वेल्डिंगचे फुगवटे ग्राइंडरने हलकेच सपाट करता येतात, पण सांधा पातळ होईल इतके नाही. बाबांनी मला त्यांच्या जुन्या फुगवट्यांना हात लावू दिला नाही, ते सोडा. थिनरच्या फडक्याने पुसा, धूळ-तेल राहिलं तर रंग धरत नाही. रेड ऑक्साईड प्रायमरचा एक हात, एक दिवस वाळू द्या, हलका पेपर मारा, मग ऑइल पेंटचे दोन पातळ हात. पातळ म्हणतोय. एकच जाड हात मारला की ओघळ येतातच. रंग हाताला सुका लागला म्हणजे वाळला असं नाही, आतून कडक व्हायला दिवस लागतात. आम्ही आठवडाभर थांबलो.

रंग कोणता? काळा किंवा गडद राखाडी, आणि चकचकीत नाही, मॅट. चकाकी प्रत्येक खड्डा दाखवते, मॅट झाकतं. शिवाय खालचा भाग गडद असला की नजर आपोआप वर उजेडाकडे, पाण्याकडे जाते. स्टँड दिसलाच नाही पाहिजे, टँक दिसला पाहिजे. पहिल्या वेळी माझं अक्रोडाचं डिझाइन माशांपेक्षा जास्त दिसत होतं.

आता पॅनेल. हो, मी परत पॅनेल लावले. बाबांनी नाही म्हटलं नाही. पण यावेळी एमडीएफ नाही, प्लाय. शीटवर शिक्का बघा, आयएस 710 असेल तर तो मरीन प्लाय, पाण्याला टिकणारा. 12 मिलिमीटरची आठ बाय चारची एक शीट पुरली. पुढची आणि मागची बाजू 36 बाय 30 इंच, बाजूचे दोन तुकडे 15 बाय 30. कापलेल्या सगळ्या कडांना रंग किंवा फेविकॉल पाजा, पाणी कडेतूनच आत जातं.

मागचं पॅनेल नट-बोल्टने पक्कं बसवलं. ते फक्त शोभेला नाही. चार काठ्यांची चौकट बाजूने ढकलली तर ती तिरकी होऊ शकते, सगळा भार सांध्यांवर येतो. तिच्यावर सलग फळी आवळली की ती तिरकी होऊच शकत नाही. मागे फळी लावल्यावर स्टँडची जी बारीक डुलकी होती ती गेली. वायरी आणि नळ्यांसाठी त्यात वर दोन मोठी भोकं ठेवली, हवाही खेळते.

बाकी तीन बाजू मात्र सुट्या. स्टँड लोखंडी आहे, मग चुंबक आहे की! प्लायच्या आतल्या बाजूला प्रत्येक कोपऱ्यात चपटं चुंबक स्क्रूने बसवलं. पॅनेल खालच्या बारक्या पट्टीवर उभं राहतं, चुंबक फक्त ते पुढे पडू देत नाही. सगळं वजन चुंबकावर टाकू नका, ते घसरतं. पुढची बाजू दोन भागांत केली, आईलाही एका हाताने निघते. सगळे पॅनेल फरशीपासून एक इंच वर. म्हणजे फडकं खालून जातं, आणि पाणी आलंच तर बाहेर दिसतं.

थर्माकोल झाकणारी वरची पट्टीही चुंबकाचीच, आणि काचेपासून थोडी फट ठेवून. टँकचा खालचा सांधा तिथेच असतो, गळती सुरू झाली तर पहिला थेंब तिथे येतो. तो झाकायचा, पण रविवारी पट्टी काढून बोट फिरवायचं.

वायरींचं एक सांगतो. एक्स्टेंशन बोर्ड खाली ठेवू नका, बाजूच्या भिंतीवर वर लावा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. आपण त्या पाण्यात हात घालतो.

शेवटी लेव्हल. स्टँड जागेवर ठेवून आधी लेव्हल बॉटल लांबीत, रुंदीत, दोन्ही तिरक्यांत. पायाखाली रबर आणि गरज असेल तिथे पत्र्याचे तुकडे. मग थर्माकोल, मग टँक, मग अर्धं पाणी. थांबा, परत बघा, मग पूर्ण. भरल्यावर काचेच्या वरच्या कडेपासून पाण्याची रेघ चारही कोपऱ्यांत पट्टीने मोजा आणि पेन्सिलने कुठेतरी लिहून ठेवा. महिन्याने परत मोजा. फरक पडला तर काहीतरी बसतंय.

हे सगळं आम्हाला साडेचार हजारांत पडलं, वेल्डिंग धरून. मासे सगळे वाचले. फक्त एक एंजल दोन दिवस रुसून कोपऱ्यात होता.

काम संपल्यावर मी बाबांना विचारलं, तुम्ही तेव्हा नीट सांगितलं का नाही, की गंज लागेल, पाय जाईल? म्हणाले, "सांगितलं होतं की." मी म्हटलं, एकदाच. तर म्हणाले, "तू इंजिनिअर. मला वाटलं तुला माहीत असेल."

आता त्यांचा नेम झालाय. रविवारी सकाळी चहा झाला की पुढची दोन्ही पॅनेल काढून बाजूला ठेवतात, बॅटरी घेऊन खाली बसतात, पाय वाजवून बघतात. आत एका अँगलवर त्यांचा 2009 चा तो एक फुगवटा आहे, रंग मारलाय पण दिसतो. मीही बसतो कधी कधी.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर एक करा. तुमच्या स्टँडचं जे काही झाकण, पडदा, पॅनेल असेल ते काढा आणि मागच्या पायांच्या तळाला हात लावून बघा. कोरडं असेल तर छान, मग खुशाल रंगवा. ओलं असेल तर मला कळवा, त्यावर एक भाग करू. भेटू पुढच्या वेळी, तोवर माशांना जास्त खायला घालू नका. नमस्कार.